उजनीच्या फुगवट्यात: जलपर्णी, जाळी आणि पाखरं

शुक्रवार, संध्याकाळ

पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर आलं की भिगवण लागतं आणि त्यापुढे डाव्या हाताला उजनीचं पाणी दिसायला लागतं. धरणाची भिंत इथून बरीच लांब, टेंभुर्णीच्या बाजूला. 1980 साली धरण पुरं झालं आणि भीमेचं पाणी मागे दौंड तालुक्यापर्यंत फुगत आलं. कुंभारगाव, डिकसळ, तक्रारवाडी ही सगळी या फुगवट्याच्या काठची गावं.

मार्चचा पहिला आठवडा होता. पाणी चांगलं उतरलेलं होतं आणि काठाला ओल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडला होता. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) याच गाळासाठी इथे येतात. पाणी तुडुंब असतं तेव्हा त्यांच्या पायांना तळ लागत नाही. ते उतरलं की गाळातली शेवाळं, अळ्या, बारीक जीव त्यांच्या चोचीच्या टप्प्यात येतात.

सोबत माझा भाचा होता. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, पक्ष्यांचं वेड नवीन आहे, कॅमेरा त्याहून नवीन. ज्यांच्याकडे उतरलो ते दादा कुंभारगावचे. सहा महिने मासेमारी, थंडी पडली की पाहुण्यांना होडीतून पाखरं दाखवायची. त्यांच्या आईंनी आल्या आल्या चहा दिला आणि दादा म्हणाले, "ताई, उजेड हाय तवर काठावर चला. उद्याचं पाणी आजच बघून ठेवू."

काठावर पहिल्यांदा दिसल्या त्या मोटारी. पाणी जसं मागे सरकतं तसे शेतकरी आपले पंप पुढे ढकलत नेतात. त्यामुळे गाळातून पाण्यापर्यंत काळे पाइप आणि विजेच्या केबली गेलेल्या असतात. काही पाण्यावर तरंगतात, काही वीतभर खाली असतात. होडीवाल्याला या प्रत्येक केबलची जागा पाठ असावी लागते, कारण ती दर आठवड्याला बदलते. दादांनी बोटाने एकेक दाखवली: ही अमक्याची, ती नवीन, त्या तिकडच्या पांढऱ्या डब्याच्या अलीकडे जायचं नाही. पाण्यात उतरून होडी ढकलायची वेळ आली तर केबलजवळ पाय ठेवायचा नाही, हे त्यांनी भाच्याला दोनदा सांगितलं. मला ते फार बरं वाटलं.

रात्री चिलापीचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी.

शनिवार

अंधारातच निघालो. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय दादांनी दोर सोडला नाही. होडी फायबरची, मागे लहान मशीन, तळाशी लांब बांबू, एक वल्हं, पाणी उपसायला अर्धा कापलेला कॅन आणि फळीखाली विळा खोचलेला. आम्ही पुण्याहून चार रिकामी पोती आणली होती. कचरा दिसला की उचलायचा, असं दोघांनी ठरवलं होतं.

पहिली बाटली दिसली तशी भाच्याने हात घातला. दादा लगेच म्हणाले, "भाऊ, ऱ्हाऊ द्या. ती आमच्या चुलत्याच्या जाळ्याची खूण हाय."

तिथून पुढचा अर्धा तास आम्ही दोघं बाटल्या ओळखायला शिकलो. जाळ्याला बांधलेली बाटली एका जागी डुलते, तिचं बूच घट्ट असतं आणि मानेला दोरी असते. तिच्यापासून सरळ रेषेत पुढे दुसरी असते, कधी थर्माकोलचा तुकडा असतो. दोन खुणांच्या मधे पाण्याखाली जाळ्याची भिंत उभी आहे असं समजायचं आणि होडी शेवटच्या खुणेच्या बाहेरून न्यायची. वाहत आलेली बाटली आडवी असते, वाऱ्याबरोबर सरकते, तिच्या आसपास बाकीचा पसाराही असतो: चपला, गुटख्याच्या पुड्या, औषधाच्या बाटल्या, निर्माल्याच्या पिशव्या. ती उचलायची. दुरून दोन्ही सारख्याच चमकतात. कुणी सरसकट गोळा करत सुटला तर एखाद्या घराचं दिवसभराचं जाळं घेऊन जाईल.

सूर्य वर आला तेव्हा रोहितांचा थवा समोर होता. दादांनी बरंच अलीकडे मशीन बंद केलं आणि बांबूने रेटत होडी पुढे काढली. तीही सरळ त्यांच्या रोखाने नेली नाही. तिरकी, जणू आपण दुसरीकडेच निघालोय अशी. पाण्याची खोल बाजू आपल्याकडे ठेवायची, पाखरं आणि उथळ गाळ यांच्या मधे शिरायचं नाही, कारण तीच त्यांची चरायची जागा असते आणि तिच्याकडची वाट अडली की ती घाबरतात. चोच उलटी बुडवून, मान डावी-उजवी हलवत ती चरत होती. मग कडेच्या दोघातिघांनी माना वर काढल्या. मग आणखी काहींनी. दादांनी बांबू गाळात रोवला आणि होडी तिथेच थांबली.

"माना वर झाल्या की आपण थांबायचं. चालायला लागली की मागं सरायचं. पळायला लागली म्हंजी आपुन चुकलो."

रोहिताला जागेवरून उडता येत नाही, पाण्यावर धावत जाऊन तो उठतो. दर उड्डाणाला खाल्लेलं खर्ची पडतं. इथे येणारे काही जण "जरा उडवा ना, लाल पंख दिसू देत" म्हणून होडीवाल्याच्या मागे लागतात, वर जास्तीचे पैसे देऊ करतात. मला हे अतिशय वाईट वाटतं. ज्याचं घर चार महिन्यांच्या कमाईवर चालतं त्याला असा मोह घालणं ही पाहुण्याची वागणूक नव्हे. आम्ही थांबलो, आणि थोड्या वेळाने माना परत खाली गेल्या. पंखाखालचा लाल रंगही दिसला, कारण एकाने स्वतःहून आळस दिला.

कुरव (सीगल) मात्र होडीमागे येत राहिले. त्यांना फरसाणाची सवय लागली आहे. आमच्याकडचा डबा उघडला नाही तेव्हा शेजारच्या होडीकडे गेले. मासे खाणाऱ्या पक्ष्याला शेव घालण्यात त्याचं काही भलं नाही, आणि रिकामं पाकीट बहुतेक वेळा पाण्यातच पडतं.

दहाच्या सुमाराला परत फिरलो आणि मशीन एकदम गुरगुरून बंद पडलं. पंख्यात जाळं. दादांनी पुन्हा सुरू करून बघण्याचा प्रयत्नही केला नाही. तसं केलं तर नायलॉन आणखी आत ओढलं जातं आणि उष्णतेने वितळून बसतं. त्यांनी आधी बांबू रोवून होडी स्थिर केली, आम्हाला मधे बसायला सांगितलं, मशीन पाण्याबाहेर उचललं आणि विळ्याच्या टोकाने एकेक फास कापत राहिले. टाकून दिलेलं जुनं जाळं होतं, शेवाळाने हिरवं झालेलं, भोकं इतकी बारीक की करंगळीही जाणार नाही. अशा जाळ्यात माशाची पिल्लंसुद्धा सुटत नाहीत. कापलेला तुकडा न तुकडा त्यांनी पोत्यात टाकला. उरलेलं जाळं पाण्यात लांबवर गेलं होतं, ते हळूहळू आत ओढायला घेतलं.

त्याच्या शेवटाला वारकरी होता. काळा, कपाळावर पांढरा टिळा, लाल डोळे. बदकाएवढा पक्षी, थंडीत इथे मोठ्या संख्येने असतात. जिवंत होता. डोकं वर काढायला दीड वीत जागा मिळाली होती, म्हणून वाचला होता.

दादांनी भाच्याचा टॉवेल ओला करून त्याच्या डोक्यावर टाकला. डोळे झाकले की पाखरू शांत होतं. भाच्याने दोन्ही हातांनी पंख अंगाशी मिटून धरले, छातीवर दाब न देता. मी पाय धरले. वारकऱ्याच्या पायाच्या बोटांना पानांसारख्या पाळ्या असतात, पोहताना वल्ह्याचं काम करतात. नायलॉनचा धागा त्या पाळ्यांच्या मधल्या खाचांत रुतला होता. ओढला असता तर कातडी निघाली असती. दादांनी विळा ठेवला, माझ्याकडची नखं कापायची लहान कात्री घेतली आणि धागा जिथे सैल होता तिथून सुरुवात केली. एक बोट, दुसरं बोट. मधल्या बोटाला थोडं रक्त होतं, पण हाड शाबूत होतं. पंख उघडून पाहिले, दोन्ही सारखे मिटत होते. मग त्याला हवेत न उडवता होडीच्या कडेने पाण्यावर ठेवलं. वारकरी पाण्यावर धावल्याशिवाय उडत नाही, त्यामुळे वर फेकलं की आपटतो. तो क्षणभर तसाच बसला, मग पाय मारत लव्हाळ्यात शिरला.

पंख मोडलेला असता किंवा मान टाकलेली असती तर खोक्यात ठेवून वन खात्याला कळवावं लागलं असतं. महाराष्ट्रात त्यासाठी 1926 हा क्रमांक आहे. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये तो हवा. कात्रीही हवी.

दुपारी जेवून काठावर आलो तर सकाळची वाट बंद झाली होती. वारा फिरला होता आणि जलपर्णीचा सबंध पट्टा येऊन काठाला लागला होता. या वनस्पतीची फुगीर देठांची जाड पानं वारा धरतात, त्यामुळे एकरभराचा थर तासाभरात जागा बदलतो. सकाळी जिथून होडी काढली तिथे संध्याकाळी हिरवं रान उभं. मूळची ही दक्षिण अमेरिकेतली. आपल्याकडे तिला खायला-प्यायला घालतोय आपण. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा, मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत येतं आणि भीमा इथे येऊन थांबते. त्या पाण्यातलं नत्र आणि स्फुरद हे जलपर्णीचं खत. थर दाट झाला की खाली ऊन पोचत नाही, कुजायला लागला की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे वर येऊन तोंड उघडतात.

मी पुण्यात राहते. माझ्या घराचं सांडपाणी यात आहे. काठावर उभं राहून हे कळणं आणि वर्तमानपत्रात वाचणं यात फार फरक आहे.

तरी या थरावर जीव आहेत. कडेला कमळपक्षी लांब बोटं पसरून पानापानावरून चालत होता. आत जांभळ्या पाणकोंबड्या देठ सोलून खात होत्या. राखी बगळा त्याच थरावर उभा राहून मासा टिपत होता. त्यामुळे दादा थर कापत नाहीत, त्याची पातळ जागा शोधतात. मशीन वर उचललेलं. पुढे एक जण बांबू घेऊन, थर दोन्ही बाजूंना सारत. बांबू टाकायच्या आधी पाण्यावर तो दोनदा आपटायचा, म्हणजे आत जे कोणी असेल त्याला निघून जायला वेळ मिळतो. आमच्या आपटण्याने एक दिवड सळसळत बाहेर आली आणि होडीच्या कडेला तोंड लावून थांबली. भाचा मागे सरकला तशी होडी कलली. "जागा सोडू नका," दादा म्हणाले, "तिला इख नाय. होडी कलली तर खरं इख ते हाय." वल्ह्याच्या पात्याने त्यांनी तिला अलगद बाजूला केलं. विरोळा म्हणतात तो हाच साप, चावतो पण बिनविषारी. होडीत साप आला तर उभं राहायचं नाही, हा नियम मात्र कुठल्याही सापाला लागू.

रविवार

आज पळसदेवला गेलो. दादांच्या मेहुण्यांची होडी तिथे असते.

धरण झालं तेव्हा जुनं पळसदेव गाव पाण्यात गेलं. पाणी उतरलं की पळसनाथाच्या जुन्या दगडी मंदिराचं शिखर वर येतं, आणि दुष्काळाच्या वर्षी तर चालत आत जाता येतं. पाहुणे शिखराचे फोटो काढतात. होडीवाल्याचं लक्ष मात्र न दिसणाऱ्या गावाकडे असतं. घरांच्या भिंती, विहिरींचे काठ, वठलेल्या बाभळी, सगळं हात-दीड हात पाण्याखाली. मेहुण्यांचा जन्म नव्या गावातला, पण त्यांना जुन्या गावाच्या गल्ल्या ठाऊक आहेत, कारण वडिलांनी होडीतून दाखवल्या. "इथं चावडी. हितनं डावीकडं घ्यायचं, न्हायतर भिंतीला लागंल." पाण्याचा रंग फिकट दिसला किंवा लाटा एका जागी मोडताना दिसल्या की खाली काहीतरी आहे. सकाळच्या तिरप्या उजेडात हे दिसतं, दुपारच्या चकाकीत अजिबात नाही. पहाटे निघण्याचं पाखरांइतकंच हेही कारण.

वठलेल्या बाभळींचे शेंडे पाण्याबाहेर होते आणि एकावर ऑस्प्रे हा मासे मारणारा शिकारी पक्षी बसला होता, पंज्यात मासा. फायबरला भोक पाडणारं झाड त्याला बैठक म्हणून लागतं. काही जण म्हणतात ही झाडं काढून टाकावीत. माझं मत, त्यांना खुणेची काठी बांधावी, लाल फडकं लावावं आणि ती राहू द्यावीत.

नऊ वाजून गेले तसा वारा उठला. मेहुण्यांनी बोलता बोलता होडी वळवली, विचारलंही नाही. मे 2024 मध्ये याच धरणात, कुगावहून कळाशीला येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. काठावरच्या कुणालाही ते विसरता आलेलं नाही. हे पाणी इतकं रुंद आहे की वारा सुटला की लाटांना धाव घ्यायला जागा मिळते आणि होडीची कड फार उंच नसते. फोटोसाठी "अजून पाच मिनिटं" असं इथे म्हणू नये.

परतीच्या वाटेवर वाळू-खड्यांचं एक उघडं बेट लागलं. त्यावर नदी सुरय उतरत होते. पिवळी चोच, काळी टोपी, दुभंगलेली शेपटी. उन्हाळ्याच्या तोंडाशी ते अशा बेटांवर घरटी करतात. घरटं म्हणजे वाळूतला उथळ खळगा, बस. अंडी वाळूच्याच रंगाची, पायाखाली आली तरी कळत नाहीत. एक जोडी मासा चोचीत घेऊन एकमेकांसमोर मान झुकवत होती. बेटाच्या कडेला थर्माकोलचा ढीग लागला होता, गणपतीच्या मखराचे तुकडे असावेत, एकावर सोनेरी कागद अजून चिकटलेला. 2018 पासून राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे.

भाच्याला तो ढीग उचलायचा होता. मलाही. मेहुणे नको म्हणाले. आपण बेटावर उतरलो की सगळे सुरय उठणार, डोक्यावर घिरट्या घालणार. तेवढ्या वेळात उघड्यावरची अंडी उन्हाने तापतात, कावळे टपलेलेच असतात. एकदा बिथरलेली जोडी जागा सोडूनही जाते. कचरा पावसाळ्याआधी, पिल्लं उडाल्यावर काढू, असं ते म्हणाले. वाऱ्याने जे तुकडे पाण्यात आले होते तेवढे आम्ही होडीतूनच वेचले. ते हातात चुरतात, साबुदाण्यासारखे गोळे होऊन पसरतात, आणि ते गोळे मासे व बदकं अन्न समजून खातात. म्हणून जाळीच्या झाऱ्याने वेचावे लागतात. दादांच्या आईंच्या स्वयंपाकघरातला झारा त्यासाठी आणला होता, तो आम्ही नवीन घेऊन दिला.

सोमवार, सकाळ

पोती अंगणात ओतून निवडली. बाटल्या आणि कॅन भंगारवाल्याने घेतले. नायलॉनची जाळीही घेतली, पण धुऊन, वाळवून द्यायच्या अटीवर. चपला आणि पिशव्या कुणालाच नको होत्या. ग्रामपंचायतीच्या गाडीत गेल्या. ती गाडी पुढे कुठे रिकामी होते हे विचारलं तेव्हा भिगवणच्या दिशेला हात झाला, इतकंच.

निघण्याआधी दादा आणि मेहुणे त्या बेटाबद्दल बोलत होते. एव्हाना कालव्याला पाणी सोडतात. उजनी शून्य टक्क्यांवर आली असं छापून येतं तेव्हाही धरणाच्या पोटात साठ टीएमसीहून (म्हणजे अब्ज घनफुटांहून) जास्त मृतसाठा, टक्क्यांच्या हिशेबात न धरलेलं तळाचं पाणी, असतो, आणि टंचाईच्या वर्षी त्यातलंही उपसलं जातं, म्हणून सोलापुरात "वजा तीस, वजा चाळीस" असा हिशेब ऐकू येतो. शेतीला ते पाणी लागतंच. पण पातळी उतरली की बेट काठाला जोडलं जातं आणि गावातली कुत्री चालत अंड्यांपर्यंत पोचतात. काल बेट आणि काठ यांच्या मधे गुडघ्याएवढं पाणी होतं.

महिन्याच्या शेवटी दादांचा फोन आला. पाणी आटून वाट उघडी पडली होती. मेहुण्यांनी आणि गावच्या पोरांनी वेड्या बाभळीच्या काटेरी फांद्या तोडून त्या वाटेवर आडव्या टाकल्या आहेत, दोन्ही टोकांना पार पाण्यात नेऊन. आत किती घरटी आहेत ते बघायला कुणी गेलेलं नाही.